घंगाळ पडलं, दगड नव्हे

माझ्या डोक्याच्या डाव्या बाजूला केसांच्या आत एक लांबट व्रण आहे. केस कापताना न्हावी हमखास त्याबद्दल विचारतो, आणि मी तोंड उघडायच्या आत शेजारच्या बाकावरचा कोणीतरी सांगून टाकतो, "चळवळीत लागलंय त्यांना." न्हाव्याचा हात लगेच हळू होतो. मग मला तोंडाला साबण लागलेला असताना सगळी हकीकत पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते.

मला चळवळीत लागलेलं नाही. मी भांड्यांच्या दुकानात नोकरीला आहे आणि माझ्या डोक्यात पितळेचं घंगाळ पडलं. हे सांगून सांगून माझा घसा बसला, म्हणून आता लिहून काढतो आहे. दुकानात, वखारीत, गोदामात डोक्यावर काहीतरी टांगलेलं असताना जे दिवसभर खाली उभे राहतात, त्यांच्यासाठी हे आहे. ते पडल्यावर पहिला त्रास डोक्याला होतो आणि उरलेला सगळा लोकांचा होतो, एवढं तरी त्यांना आधी कळावं.

*

आमचं दुकान गिरगावात. मालक अण्णाशेठ. मी लालबागहून ट्रामने जायचो. दुकानाच्या तुळयांना लोखंडी आकडे ठोकलेले आणि त्यांना हंडे, कळशा, पराती, घंगाळं टांगलेली. खाली जमिनीवरही तोच माल, त्याच कारखान्यातला आणि त्याच वजनाचा. पण गिऱ्हाईक खालच्या भांड्याला हात लावील तर शपथ. खाली ठेवलंय म्हणजे नक्की खोट असणार, चांगला माल दुकानदाराने वर लपवलेला असणार, अशी गिरगावापासून दादरपर्यंत प्रत्येक आईची आणि प्रत्येक मामाची खात्री असते. "ते वरचं काढा," हे मी जितक्यांदा ऐकलंय तितक्यांदा स्वतःचं नाव ऐकलं नसेल.

अण्णाशेठना हे पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे लग्नसराई आली की खालचाच माल वर चढायचा. एका आकड्याला दोन भांडी, आणि आकडे संपले की घंगाळाच्या कडीत सुतळी ओवून ते थेट तुळईला. मी म्हणायचो, "शेठ, घंगाळ सुतळीवर नको."

"अरे, संध्याकाळपर्यंत विकलं जाईल ते," असं त्यांचं उत्तर असे. बऱ्याचदा ते विकलंही जायचं, त्यामुळे मला पुढे बोलता यायचं नाही.

त्या दिवशी हरताळ होता. संयुक्त महाराष्ट्रासाठी सगळं गिरगाव बंद होतं. अण्णाशेठ चळवळीचे कट्टर, सभेला पहिल्या रांगेत बसणारे. त्यांनी सकाळीच दुकानाला फळ्या लावून घेतल्या, आणि मग एक फळी सरकवून एका लग्नघरच्या मंडळींना आत घेतलं. कार्य अगदी तोंडावर आलं होतं आणि मंडळी रोखीने घेणारी होती. बाहेरून कडकडीत हरताळ आणि आतून लग्नसराई, असा आमचा कारभार चालला होता.

नवऱ्या मुलीच्या मामांनी जमिनीवरच्या घंगाळावर बोटाच्या पेराने टकटक केलं. कान लावला. मान हलवली. "याला नाद नाही," म्हणाले. "ते वरचं काढा."

मी काठी उचलली. तिच्या टोकाला आकडी असते, ती कडीत अडकवून भांडं अलगद उतरवायचं. आकडी अडकली होती. तेवढ्यात बाहेरून मोर्चा चालला होता, त्यातल्या कोणाला तरी आतली बोलणी ऐकू गेली असावीत. त्याने फळ्यांवर दणादण हात मारले आणि ओरडला, "दुकान बंद करा!" सगळी भांडी खणखणली. मी मान दाराकडे वळवली. पुढचं मला आठवत नाही.

मामांनी शेवटी खालचंच घंगाळ नेलं, हे मला नंतर कळलं.

*

शुद्ध आली तेव्हा मी मागच्या गल्लीत हातगाडीवर होतो. डोक्याला कोणाचं तरी उपरणं गुंडाळलेलं आणि डोळ्यांत रक्त. ट्राम बंद, टॅक्सी बंद. मला मागच्या दाराने काढलं होतं, कारण पुढून काढलं असतं तर अण्णाशेठचं दुकान हरताळाच्या दिवशी उघडं असल्याचं अख्ख्या रस्त्याने पाहिलं असतं.

पण इस्पितळाकडे जायचं तर रस्त्यावर यावंच लागलं, आणि रस्ता माणसांनी भरलेला. रक्ताने माखलेला माणूस हातगाडीवरून चाललाय म्हटल्यावर लोकांनी जे समजायचं तेच समजलं. गर्दीने वाट करून दिली. कोणीतरी माझ्या पायाशी झेंडा खोचला. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" असा गजर सुरू झाला आणि तो इस्पितळाच्या फाटकापर्यंत माझ्याबरोबर आला. मी कुशीवर वळून गाडीवाल्याला म्हणालो, "अरे, यांना सांग, घंगाळ पडलं." गाडीवाला म्हणाला, "पडून राहा, भाऊ. वाट मिळतेय ना?"

त्याचं बरोबर होतं. वाट मिळाली नसती तर मी आज लिहायला उरलो नसतो. पण चिडचिड व्हायची ती झालीच. मीसुद्धा मोर्चात घोषणा दिल्या आहेत, मनापासून दिल्या आहेत. पण त्या दिवशी मी घंगाळ काढत होतो.

इस्पितळात डॉक्टरांनी टाके घालताना विचारलं, "दगड की लाठी?"

"घंगाळ," मी म्हणालो.

डॉक्टर नर्सकडे वळून म्हणाले, "अजून गोंधळलेला आहे. लक्ष ठेवा."

*

डोक्याला मार बसलेल्या माणसाचं कोणी ऐकत नाही, हा माझ्या आजारपणातला सगळ्यात मोठा धडा. तुम्ही जितकं ठासून सांगाल तितके लोक एकमेकांकडे बघतात.

वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर कांबळे होता. परळच्या गिरणीत कामाला, राहायला तिथल्याच चाळीत. त्याचा पाय खरोखरच लाठीने मोडला होता. आजूबाजूला आणखीही बरेच जण तसेच होते. कोणी कण्हत होतं, कोणी गप्प पडून होतं. भेटीच्या वेळेत बाहेरची मंडळी प्रत्येक खाटेशी येऊन हात जोडायची, केळी ठेवायची. माझ्याही खाटेशी ठेवायची. मला शरम वाटायची. ज्यांनी खरा मार खाल्ला त्यांच्या पंगतीत मी घंगाळवाला. एकदा मी न राहवून कांबळेला सगळं सांगितलं आणि माझी केळी त्याच्याकडे सरकवली.

तो पोट धरून हसला, मग पाय दुखला म्हणून शिव्या दिल्या आणि परत हसला. "आरं, टाके तर खरे हायत ना?" तो म्हणाला. "दुखतं तर खरं ना? मग खा की केळी." त्या सगळ्या दिवसांत माझ्यावर विश्वास ठेवणारा तो पहिला माणूस. मला तेव्हा अगदी रडू आलं.

टाक्यांचं दुखणं थोडक्यात आटोपलं. खरी गोष्ट निराळीच होती. उजव्या कुशीवर वळलो की वॉर्ड फिरायचा. नुसती चक्कर नव्हे, अख्खी खोली कोणीतरी धरून गरागरा फिरवल्यासारखी, आणि मग पोटातलं सगळं बाहेर. मान वर केली की त्याहून वाईट. छताकडे नजर गेली की मी खाटेची लोखंडी कड दोन्ही हातांनी पकडायचो आणि मरतोय असं मला वाटायचं. भीती मी लपवत नाही. मला रोज वाटायचं की आपण यातून उठणार नाही. सकाळी चहा देणारी आया होती, ती माझी मान वर होऊ नये म्हणून चहा बशीत ओतून ओठांशी धरायची. मी काही न सांगता तिने ते ओळखलं होतं. तिचं नाव विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "कानाच्या आत तोल सांभाळणारी रचना असते, तिला धक्का बसलाय. हळूहळू कमी होईल, पुरतं जाईल असं सांगत नाही. वर बघायचं टाळा."

"डॉक्टर, मी भांड्यांच्या दुकानात काम करतो. माझं सगळं कामच वर बघायचं."

"मग दुसरं काम बघा," ते म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले. मी तिथेच बसून राहिलो. मला दुसरं काम येत नव्हतं.

*

घरी आलो तर चाळीने दाराला तोरण बांधलेलं. आमच्या मंडळाचे अध्यक्ष नाना शिर्के, मोठ्या आवाजाचे आणि मोठ्या मनाचे गृहस्थ, त्यांनी मला मिठीच मारली. त्या मिठीने खोली फिरली आणि मी त्यांच्या धोतरावर ओकलो. नाना म्हणाले, "चालायचंच! सैनिकाचं ओकणं आहे हे!"

माझी बायको सुलोचना दारात उभी होती. तिला मी इस्पितळातच खरं काय ते सांगितलं होतं. मी नानांना काही बोलणार तोच तिने मला आत ओढलं आणि हळूच म्हणाली, "अहो, गप्प बसा. नळावर बायका मला पुढे सोडताहेत."

मग माणसांची रीघ लागली. प्रत्येकाकडे एक उपाय. कोणी जायफळ उगाळून लावायला सांगितलं, कोणी मोरावळा आणला, एका आजींनी दृष्ट काढली. आणि यच्चयावत सगळे, अगदी सगळे, समोर बसून म्हणायचे, "वर बघा बरं. येते का चक्कर?" अरे, येते! येते म्हणून तर घरात पडलोय! हे वाचणाऱ्यांना माझी एकच हात जोडून विनंती आहे. चक्कर येणाऱ्या माणसाला चक्कर आणून दाखवायला सांगू नका.

माणूस किती वेळा वर बघतो हे वर बघता येईनासं झाल्यावर कळतं. तांब्यातून वरून पाणी पिता येईना. दांडीवरचा सदरा काढता येईना. शिंक आली तरी मान मागे जाते, म्हणून सुलोचना धावत येऊन माझं डोकं दोन्ही हातांनी धरायची. शिंकेसाठी बायकोला हाक मारणारा लालबागातला मी एकटाच नवरा असेन. ती हसायची, आणि कधीकधी पोळ्या करपायच्या म्हणून चिडायचीही. तिचं चिडणं मला बरं वाटायचं. तेवढ्यापुरता मी सैनिक नसायचो.

याच सुमारास अण्णाशेठनी हातगाडीवरून भेट पाठवली. बघतो तर तेच घंगाळ. काठाला हा एवढा पोचा पडलेला. विकलं जाणार नाही म्हणून आमच्याकडे रवाना. गाडीवाल्याने निरोप सांगितला, "शेठ म्हणाले, घरी वापरा." मी त्या घंगाळाकडे बघत बसलो. सुलोचनाने ते मोरीत ठेवलं आणि त्यात पाणी भरलं. म्हणाली, "पितळ चांगलं आहे."

*

मंडळाने माझा सत्कार ठरवला. मी नको म्हणालो, तर नानांना तो माझा मोठेपणा वाटला. प्रमुख पाहुणे कोण? अण्णाशेठ. शालही त्यांच्याकडूनच.

सत्काराच्या आदल्या दिवशी सुलोचना अण्णाशेठकडे गेली. मला दुकानात परत कधी घेणार, वर बघायचं सोडून काही काम देणार का, एवढंच विचारायला. परतली ती तणतणत. चपला फेकल्या, पदर खोचला आणि माझ्यासमोर बसली.

"काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, 'वहिनी, त्या दिवशी दुकान बंद होतं. दत्ताराम मोर्चात गेला, त्याला तिथे लागलं. मला अभिमान आहे त्याचा. पण दुकानात आता मला धडधाकट माणूस हवा.'"

"असं म्हणाले?"

"असंच. आणि वर म्हणाले, 'उद्या शाल मीच घालणार आहे.'" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "नळावरचा नंबर गेला खड्ड्यात. तुम्ही उद्या खरं बोला."

आजवर खरं बोलून नुसती चिडचिड झाली होती. उद्या बोललो तर अण्णाशेठ चारचौघांत उघडे पडणार, आणि मग त्या दुकानाचं दार मला कायमचं बंद. गप्प बसलो तर शाल मिळणार आणि नोकरी जाणार. दोन्हीकडून नोकरी जाणारच होती, हे मला सुलोचनाने रात्री जेवताना समजावून सांगितलं, तेव्हा कुठे घास उतरला.

पटांगणात चाळ जमली. कांबळे कुबड्या घेऊन परळहून चालत आला होता. नानांनी माझ्या धैर्यावर भाषण केलं. अण्णाशेठ शाल घेऊन उठले, तसा मी म्हणालो, "मंडळी, मला मोर्चात लागलेलं नाही. दुकानात घंगाळ काढताना ते माझ्या डोक्यात पडलं."

मग नाना गहिवरून म्हणाले, "बघा! केवढा विनय!" आणि टाळ्या पडल्या.

"अहो, विनय कसला? घंगाळ!" मी ओरडलो. तसे पुढच्या रांगेतले एक काका शेजारच्याला म्हणाले, "डोक्याचा मार वाईटच हो." अण्णाशेठनी मायेने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, आता इथेच खाली बसावं आणि आयुष्यभर उठू नये.

तेवढ्यात बायकांमधून सुलोचना उभी राहिली. चाळीत ती कधी मोठ्याने बोलली नव्हती. "अण्णाशेठ," ती म्हणाली, "दगडाने लागलं तर ते घंगाळ तुम्ही आमच्याकडे का पाठवलंत? त्याचा काठ यांच्या व्रणाला लावून बघते, चालेल?"

कोणी हसलं नाही. मागून कोणीतरी विचारलं, "म्हणजे हरताळाला दुकान चालू होतं?"

अण्णाशेठचा चेहरा लाल झाला. "चालू म्हणजे काय... लग्नघर होतं... एक फळी फक्त..." एवढं म्हणून ते थांबले. मग मात्र पटांगणात जो हशा उसळला तो बराच वेळ ओसरला नाही. अण्णाशेठनी शाल नानांच्या हातात दिली, नाना बिचारे ती घेऊन उभे. "आता हिचं काय करायचं?" म्हणाले.

"कांबळेला घाला," मी म्हणालो. "त्याचा पाय खरा आहे."

"मला नको बाबा," कांबळे म्हणाला. "लई उकडतंय."

*

काही दिवस दुकानाकडून चकार शब्द आला नाही. मी इकडेतिकडे कामासाठी विचारत फिरलो. वखारीत गेलो, तिथेही माल वरच रचलेला. मग एक दिवस अण्णाशेठ स्वतः चाळीत आले. दुकानात गिऱ्हाईक आलं की आधी विचारायचं, "शेठ, आज हरताळ की चालू?" आणि पुढचा प्रश्न, "तो घंगाळवाला कुठे गेला?" त्यांना ते सोसवेना. म्हणाले, "काट्यावर बस. वजन कर. वर बघायला नको."

मी परत गेलो. माझी चक्कर बरीच कमी झाली आहे, गेलेली नाही. कोणाला हे दुखणं असेल तर उठताना घाई करू नका, आधी कडेला बसा आणि मग उभे राहा. दर वर्षी थोडं सुटतं. नेटाने थोडी मान वर केली तर आता मला दुकानाची पाटी दिसते.

माझ्या जागी काठीवर बाबू परब आला होता. कणकवलीकडचा, माझ्याच वयाचा, कमी बोलणारा. अण्णाशेठनी सुधारणा काय केली, तर जुनी सुतळी काढून नवी बांधली. मी कपाळाला हात लावला. बाबू काठी घेऊन भांड्याखाली उभा राहिला की मी वजन करायचा थांबायचो. मला वर बघता येत नव्हतं, म्हणून मी काट्यावरून ओरडायला लागलो, "बाजूला व्हा! बाजूला!" गिऱ्हाईकं दचकायची. बाबू चिडायचा. म्हणायचा, "गप रे, काय नाय पडणत." अण्णाशेठ म्हणायचे, "दत्ताराम, लोक पळतात." मी तरी ओरडायचो. बाबू निमूटपणे एक पाऊल मागे सरायचा, लांबून काठी लावायचा, आणि काही पडायचं नाही. सगळे माझ्याकडे बघून हसायचे. हे महिनोन् महिने चाललं.

मग एक दिवस परात पडली. मी ओरडलो, बाबू मागे सरला, आणि तो जिथे उभा होता तिथे परात आदळून गोल फिरत राहिली. तिचा आवाज थांबेपर्यंत दुकानात कोणी हललं नाही. अण्णाशेठ गल्ल्यावरून धावत आले, खाली वाकले आणि म्हणाले, "पोचा पडला का बघ."

बाबूने स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. दोनदा फिरवला. मग तो माझ्याकडे बघत राहिला.

जड माल त्यानंतर खाली आला, कारण अण्णाशेठना पोचे परवडत नव्हते. कळशा आणि लहान पराती अजून वर आहेत आणि गिऱ्हाईक अजून वरचंच मागतं. पण आता बाबू आपणहून काठी उचलत नाही. मी वजनात गुंतलेलो असलो तर तो थांबतो. गिऱ्हाईक घाई करतं, अण्णाशेठ खाकरतात, तरी तो तसाच उभा राहतो आणि मला हाक मारतो.

"आरड रे, दत्ताराम."

मी ओरडतो.